‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ आज मुलांना दाखवावी का?

सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे: शाळेच्या कपाटात बीबीसीच्या ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ या मालिकेची जुनी डीव्हीडी सापडली. पाचवीच्या वर्गाला लावून दाखवली, तर एक मुलगी मध्येच उठून म्हणाली, “बाई, हे चुकीचं आहे. त्यांच्या अंगावर पिसं होती.” मग ही मालिका दाखवावी की कपाटातच राहू द्यावी? शिवाय वर्गाचा आणखी एक प्रश्न आहे, आपल्या गोव्यात डायनोसॉर होते का?

बाई, मालिका जरूर दाखवा. त्या मुलीचं म्हणणंही सगळ्या वर्गासमोर ऐकून घ्या, कारण ती बरीचशी बरोबर आहे.

मी जीवाश्मशास्त्र शिकवते. माझं स्वतःचं काम दगडात उरलेल्या वनस्पतींचं. ही मालिका मी पदवीच्या वर्गात वर्षानुवर्षं वापरत आले आहे आणि तिच्यातल्या चुकांमुळेच ती मला जास्त उपयोगी वाटते. पण सगळ्या चुका एका मापाने मोजू नका. काही चुका १९९९ सालीही टाळता आल्या असत्या. काही गोष्टी त्या वेळच्या पुराव्याला धरून होत्या आणि पुढे नवा पुरावा हाती आल्यावर मोडल्या. काहींचा निकाल आजही लागलेला नाही. कोणती चूक कुठल्या जातीची, एवढं मुलांना ओळखता आलं, तर विज्ञानाच्या पुस्तकातला अर्धा धडा तिथेच झाला म्हणायचा.

मालिका १९९९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दाखवली गेली. भाग सहा. सुरुवात २२ कोटी वर्षांपूर्वीच्या अॅरिझोनात आणि शेवट डायनोसॉरांच्या अखेरच्या दिवसांत. केनेथ ब्रानाचा धीरगंभीर आवाज, आणि सगळी रचना एखाद्या अभयारण्यातल्या चित्रीकरणासारखी. पडद्यावर एकही शास्त्रज्ञ येत नाही, हाडं दिसत नाहीत, ‘बहुधा’ किंवा ‘कदाचित’ कानावर जवळजवळ पडतच नाही. मागे अभ्यासकांचा सल्ला होता, वाचन होतं, मेहनतही अफाट होती. पण ठाम पुराव्यावर उभं काय आणि अंदाजाने भरलेलं काय, हे पाहणाऱ्याला कळायला काही मार्गच नाही. मालिकेचा खरा दोष माझ्या मते हाच. पिसांची गोष्ट त्यानंतरची.

तरी आधी पिसांचंच सांगते. चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स १९९६ साली जगापुढे आला. अंगभर तंतूंसारखं आवरण असलेला छोटासा डायनोसॉर. १९९८ साली त्याच प्रांतातून कॉडिप्टेरिक्स आला, त्याच्या हातांवर आणि शेपटीवर तर सरळसरळ पिसंच. म्हणजे मालिका तयार होत होती त्याच काळात हा पुरावा बाहेर पडत होता. मालिकेतला युटारॅप्टर हा शिकारी डायनोसॉर मात्र उघड्या कातडीचा आहे. २००७ साली त्याच्याच कुळातल्या व्हेलोसिरॅप्टरच्या पुढच्या पायाच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे सापडले. आजच्या कित्येक पक्ष्यांच्या पंखांच्या हाडावर मोठी पिसं जिथे घट्ट बसतात, तिथे असेच उंचवटे असतात. त्यानंतर या कुळाबद्दल शंकेला फारशी जागा उरली नाही. बाजारातून कोंबडी आणाल तेव्हा पंखाचं हाड नीट साफ करून मुलांच्या हातात द्या, असे उंचवटे दिसतात का, ते त्यांना शोधू द्या.

टायरॅनोसॉरस रेक्सच्या बाबतीत मात्र तुमच्या विद्यार्थिनीला थोडं थांबवावं लागेल. २०१२ साली चीनमधूनच युटिरॅनस जाहीर झाला. टायरॅनोसॉरच्या गोतावळ्यातला हा सुमारे ९ मीटर लांबीचा प्राणी, अंगावर लांब तंतुमय पिसं. मग काही वर्षं चित्रकारांनी टी-रेक्सलाही पिसांचा झगा चढवला. २०१७ साली टी-रेक्सच्या मान, कंबर आणि शेपटीकडच्या कातडीच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बारीक खवले दिसले. पाठीवर थोडी पिसं असतील का, लहान पिल्लांना असतील का, हे प्रश्न उघडेच आहेत. पण मोठा टी-रेक्स मुख्यतः खवल्यांचा होता, असं आज बहुतेक जण मानतात. त्यामुळे १९९९ची उघडी टी-रेक्स मादी २०१३ साली जेवढी जुनाट दिसली असती तेवढी आज दिसत नाही. जुनं ते चूक आणि नवं ते बरोबर, असं सरळ गणित नसतं. वर्गाला हे सांगताना दोन्ही पुरावे शेजारी शेजारी ठेवा: एका नातेवाइकाची पिसं आणि खुद्द टी-रेक्सची कातडी. जास्त वजन कशाला द्यायचं, ते मुलं स्वतः ठरवतील. दातांचंही असंच आहे. मालिकेत मगरीसारखे दात सदा बाहेर दिसतात. २०२३च्या एका अभ्यासाने दातांची झीज तपासून असं मांडलं की हे दात ओठांनी झाकलेले असावेत. हा वाद अजून मिटलेला नाही.

आता मला न पटणाऱ्या गोष्टीकडे येते. तिसऱ्या भागातला लायोप्लुरोडॉन. समुद्रातला शिकारी सरीसृप, डायनोसॉर नव्हे. मालिका त्याला २५ मीटर लांब आणि १५० टन वजनाचा म्हणते. दोन कदंबा बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी हा प्राणी मागे थोडा उरेल. प्रत्यक्षात या प्राण्याच्या अवशेषांवरून लांबी ६ ते ७ मीटरच्या आसपास निघते, म्हणजे एका बसमध्ये आरामात मावेल. तुटक्यामुटक्या, दुसऱ्याच प्राण्याच्याही असू शकतील अशा हाडांवरून आकडा ताणत नेला आणि तो निवेदकाच्या तोंडी ठाम घातला. अभ्यासकांनी तेव्हाच भुवया उंचावल्या होत्या. हा आकडा लोकांच्या डोक्यात इतका घट्ट बसला आहे की अजूनही मुलं मला तो सांगतात. असाच प्रकार चौथ्या भागात आहे. युटारॅप्टरची हाडं अमेरिकेतल्या युटाह राज्याबाहेर सापडलेली नाहीत, आणि मालिकेत तो युरोपात इग्वानोडॉन या शाकाहारी डायनोसॉरची शिकार करतो. त्याच भागातल्या ऑर्निथोकायरस या उडत्या सरीसृपाच्या पंखांचा पसारा १२ मीटर सांगितला आहे. ब्राझीलमधल्या ज्या मोठ्या नमुन्यांचा त्याला आधार होता, त्यांची मापं नंतर ८ मीटरच्या आसपास आली. ८ मीटरचा उडता प्राणी काय कमी थरारक आहे? कथा रंगवायला आकडा फुगवण्याची गरजच नव्हती, म्हणून मला याचं वाईट वाटतं.

याच्या अगदी उलट उदाहरण पहिल्या भागातल्या सीलोफायसिसचं. दुष्काळात हे चपळ प्राणी आपल्याच जातीची पिल्लं खातात, असं मालिका दाखवते. ही कल्पना निर्मात्यांच्या मनची नव्हती. १९४७ साली न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँच इथे सीलोफायसिसच्या सांगाड्यांचा प्रचंड साठा मिळाला. त्यातल्या दोन मोठ्या प्राण्यांच्या पोटात पिल्लांची हाडं आहेत असं मानलं गेलं, आणि पाठ्यपुस्तकांनी ते पन्नासहून अधिक वर्षं छापलं. २००६ साली हेच सांगाडे पुन्हा बारकाईने पाहिले गेले. एकाच्या पोटातली हाडं मगरीच्या कुळातल्या एका छोट्या प्राण्याची निघाली. दुसऱ्यात पिल्लाची हाडं पोटात नव्हतीच, तो प्राणी त्यांच्यावर पडून गाडला गेला होता. निर्मात्यांना इथे दोष देता येणार नाही. त्यांनी त्या वेळचं सर्वमान्य मत दाखवलं होतं.

आपल्या देशातही असं पुन्हा पाहणं घडलं आहे. गुजरातमध्ये भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांचं एक घरटं सापडलं. अंड्यांशेजारी हाडं होती, ती पिल्लाची असावीत असं वाटलं. २००१ साली जेफ्री विल्सन या अमेरिकी अभ्यासकाने तो दगड पाहिला आणि त्यातले मणके त्याला सापाचे वाटले. पुढे दगड काळजीपूर्वक साफ केला गेला, आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप समोर आला. शेजारी नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू. २०१० साली हा साप ‘सनाजेह इंडिकस’ या नावाने प्रसिद्ध झाला. या दगडाचं छायाचित्र सहज मिळतं. मालिकेतला सीलोफायसिसचा प्रसंग झाला की लगेच ते दाखवा.

आता गवत. हा माझ्या कामाचा विषय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

या मालिकेतले प्राणी संगणकावर आणि यांत्रिक बाहुल्यांनी बनवले, पण मागची जंगलं, किनारे, माळ खरे आहेत. चिली, टास्मानिया, न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया, कॅलिफोर्नियातली रेडवुडची राई अशा ठिकाणी चित्रीकरण झालं. इतकं लांब जाण्याचं एक कारण गवत. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतं असं तेव्हा मानलं जाई, कारण गवताचे खात्रीचे जीवाश्म त्यानंतरच्या काळातले होते. म्हणून गवत नसलेली जमीन शोधत त्यांनी पृथ्वी पालथी घातली. पाहणाऱ्यांपैकी किती जणांच्या हे लक्षात आलं असतं? तरी त्यांनी ती काळजी घेतली, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

आणि नेमकं हेच गृहीत २००५ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने मोडलं. वरोरा भागातल्या या गावाच्या शेतांमध्ये डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. त्यांची नोंद १९३९ सालीच झालेली आहे. मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जाते. गोळा हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतं ते वजन, मग गुळगुळीत तपकिरी पृष्ठभाग, एका टोकाला किंचित निमुळता. वास वगैरे अर्थातच काही नाही, कारण मूळ पदार्थ जाऊन त्या जागी खनिजं भरली आहेत. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर खाल्लेल्या वनस्पतींच्या पेशी-भित्तिकांचे अवशेष दिसतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांतून सूक्ष्म सिलिका-कण वेगळे केले आणि त्यांच्या आकारावरून निदान पाच प्रकारची गवतं ओळखली. सोबत सूचिपर्णी झाडं, ताडवर्गीय झाडं असं बरंच काही होतं. हे गोळे टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांचे असावेत असं मानलं जातं. म्हणजे क्रिटेशियस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरीस भारतात गवत होतं आणि डायनोसॉर ते खातही होते. २०११ साली याच संशोधकांच्या गटाने त्या काळातल्या थरांतून भाताच्या कुळाशी नातं सांगणारे कणही नोंदवले. पुढे २०१८ साली चीनमधल्या एका शाकाहारी डायनोसॉरच्या दातांवर गवताचे कण मिळाले आणि गवताचा इतिहास १० कोटी वर्षांच्याही मागे गेला.

हे कण काय असतात ते तुमच्या मुलांना तुम्ही शेतात दाखवू शकता. भाताच्या पात्यावरून बोट उलटं फिरवलं की ते कापतं. लावणी-कापणी पाहिलेल्या मुलांना हे सांगावं लागणार नाही. ती धार सिलिकाची. रोप मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका घेतं आणि पेशींमध्ये साठवतं, प्रत्येक गटातल्या वनस्पतीत कणाचा आकार वेगळा. रोप कुजतं, पण हे कण उरतात. गिरणीवरून मूठभर तूस आणा, मोकळ्या जागी पत्र्यावर पूर्ण जाळा आणि राख दाखवा. त्या राखेत बहुतांश सिलिकाच असतो. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर चिमूटभर राख काचेवर पाण्यात पसरून बघा. डायनोसॉरने गवत खाल्लं हे साडेसहा कोटी वर्षांनंतर कसं कळलं, याचं उत्तर त्या काचेवर असतं. मात्र यावरून मालिकेत हिरवीगार कुरणं हवी होती असं कुणी म्हणू नये. गवत होतं, पण विस्तीर्ण गवताळ प्रदेश फार नंतर आले. शिवाय पहिल्या तीन भागांचा काळ १४ कोटी वर्षांपलीकडचा आहे, त्यांना या शोधाने धक्का लागत नाही. निर्मात्यांचा निर्णय त्यामुळे चूक ठरूनही शहाणपणाचाच राहिला.

रंगांबद्दल एकच सांगते. १९९९ साली रंग हा निव्वळ अंदाज होता. २०१०पासून जीवाश्म पिसांतल्या रंगकणांच्या खुणा वाचता येऊ लागल्या, आणि त्याच सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते असं दिसलं. बाकी बहुतेक प्राण्यांचे रंग आजही चित्रकाराच्या हाती आहेत.

शेवटच्या भागात मालिका ६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा काळ सांगते. आज आपण ६ कोटी ६० लाख म्हणतो. दगडांचं वय मोजण्याची पद्धत अधिक काटेकोर झाली, एवढंच त्यामागे आहे, तेव्हा मुलांना आकडा बदलून सांगा आणि पुढे चला. त्या भागातला गाभा टिकला आहे: ज्वालामुखींनी पर्यावरण आधीच बिघडलेलं, आणि मग अशनीचा आघात. अशनीचं विवर मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे आहे आणि आज बहुतेक अभ्यासक मुख्य दोष त्या आघातालाच देतात. ज्वालामुखींचा वाटा किती, यावर भांडण चालू आहे. त्या भांडणातले साक्षीदार म्हणजे आपल्या सह्याद्रीचे काळे कातळ. दख्खनचे हे लाव्हा आघाताच्या आधी सुरू झाले आणि नंतरही वाहत राहिले. २०१९ साली दोन गटांनी याच घाटांतले दगड दोन वेगळ्या पद्धतींनी मोजले, आणि मोठे उद्रेक आघाताच्या आधी की नंतर यावर त्यांचं एकमत झालं नाही. मालिकेत मात्र भारत कुठेच नाही, याची खंत मला कायम वाटते. त्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा टायटॅनोसॉर १९९७ सालीच शास्त्रीय नावासह प्रसिद्ध झाला होता. २००३पासून त्याला इसिसॉरस म्हणतात.

गोव्याचं उत्तर यातच आहे. गोव्यात डायनोसॉरचे अवशेष सापडलेले नाहीत, आणि सापडण्याची आशाही जवळजवळ नाही. आपले बहुतेक दगड फार म्हातारे आहेत. अनमोड घाटातला पट्टिताश्म, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा दगड, ३०० कोटी वर्षांहून जुना, आणि ज्या खाणींनी आपले डोंगर पोखरले त्यातलं लोहखनिजही प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीच्या थरांतलं. जांभा चिरा त्या मानाने पुष्कळ नवा, पण तो जुना दगड उन्हापावसात झिजून बनतो, त्यात हाड टिकत नाही. राहिला ईशान्येकडे सह्याद्रीच्या माथ्यालगतचा काळा बेसॉल्ट. तो डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला खरा, पण तापलेल्या लाव्हात हाडं जपली जात नाहीत. त्या अखेरच्या काळातले डायनोसॉर भारतात मुख्यतः मिळतात ते त्या लाव्हाखालच्या किंवा दोन लाव्हांच्या मधल्या गाळाच्या थरांत: जबलपूर, नर्मदेचं खोरं, गुजरात, चंद्रपूर. इथे प्राणी फिरलेच नाहीत असा याचा अर्थ नाही. त्यांच्या खुणा धरून ठेवणारे थर आपल्याकडे नाहीत, एवढंच म्हणता येतं. सत्तरीतली मुलं घाटमाथ्याचा काळा कातळ येताजाता बघतात, तेव्हा हा फरक त्यांना नकाशाशिवायही समजेल.

सगळे सहा भाग एका दमात लावू नका. पहिला भाग आधी घ्या, मग सहावा. तिसरा दाखवलात तर २५ मीटरचा आकडा आधीच फळ्यावर लिहून खोडा. प्रत्येक प्रसंगानंतर मालिका थांबवून “हे कशावरून?” एवढंच विचारा आणि उत्तरं तीन रकान्यांत लिहायला लावा: हाडावरून, आजच्या प्राण्यांवरून, मनाने. पहिल्या दिवशी तिसरा रकाना भरून वाहील, त्याची काळजी करू नका. बीबीसीने २०२५ साली याच नावाची नवी मालिका काढली, तिच्यात प्रत्यक्ष उत्खननाची दृश्यं आहेत. मिळाली तर सहाव्या भागानंतर तिचा एखादा भाग लावा. आणि शाळेची सहल कधी गुजरातपर्यंत जाणार असेल तर बालासिनोरजवळच्या रैयोलीला न्या. राजासॉरस या मांसाहारी डायनोसॉरची हाडं तिथलीच, दगडात रुतलेली अंडी जागेवर पाहता येतात, आणि २०१९पासून तिथे संग्रहालयही आहे. उन्हाळ्यात मात्र नेऊ नका, त्या उघड्या माळावर सावली फार कमी आहे.